फवाऱ्यानंतरचं बोट

वनमालाबाई हात धुवायला लागल्या की माझं डोकं फिरायचं. कोपरापर्यंत साबण, मग पाणी, मग परत साबण. मुलुंडच्या आमच्या दवाखान्यात नळाला पाणी यायचं तासभर, त्यातलं निम्मं या नर्सबाई एकट्या संपवायच्या. मी कंपाउंडर. मला बाटल्या धुवायला काय उरणार, कप्पाळ! पण चौऱ्याऐंशी साली जे झालं, त्यानंतर मी तोंड मिटलं.

डॉक्टर दुखऱ्या खांद्यात, गुडघ्यात इंजेक्शन द्यायचे. त्याआधी कातडी बधिर करायला एक गारेगार फवारा असे. बाई जागा स्पिरिटने पुसायच्या, सुकू द्यायच्या, फवारा मारायच्या. कातडी पांढरी पडली की डॉक्टर नेमकं तिथेच बोट दाबून विचारायचे, "काय, बधिर झालं ना?" त्याच बोटाने आत्ता फोन फिरवलेला. आणि मग तिथेच सुई!

दोन महिन्यांत तिघांना सुईच्या जागी पू झाला. डॉक्टर भर दवाखान्यात बाईंवर घसरले. "तुमचा हात स्वच्छ नाही. आणखी एकाला झालं तर यायचं बंद करा." बाईंचा नवरा धोंडू गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला. घर बाईंच्या पगारावर.

"साहेब, बोट लावल्यावर परत पुसू का?" त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टर हसले. "अहो, एवढ्या गारठ्यात जंतू जगतात होय?"

बाई माझ्या खिडकीशी आल्या. "गुणाजी, माझो हात वायट नाय रे! तू रोज बघतस ना?"

बघत होतो. पण मलाही नोकरी होती. "जाऊ द्या ना बाई," म्हणालो आणि गोळ्यांच्या पुड्या बांधत बसलो. आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग शिवदास रंगारी खांदा घेऊन आला. पुसणं झालं, फवारा झाला, बोट लागलं. बाईंनी कापसाचा बोळा उचलला. "हात लागला साहेब. परत पुसते."

"बधिरपणा उतरेल! बाजूला व्हा!"

"उतरू दे. परत फवारा मारते. पण पुसल्याशिवाय सुई नाही."

डॉक्टर लालबुंद झाले. शिवदासने खांदा मागे ओढला. "पुसू द्या ना बाईंना. खांदा माझा आहे."

बाईंनी पुसलं, सुकू दिलं, फवारलं. डॉक्टरांचं बोट सवयीने पुढे आलं. बाईंनी नुसतं बघितलं. बोट हवेतच थांबलं.

शिवदासला काही झालं नाही. पुढेही कुणाला झालं नाही. पण डॉक्टर एकदाही 'चुकलं' म्हणाले नाहीत. काय जीभ झडली असती? उलट मला म्हणाले, "स्पिरिट जरा जपून वापरायला सांग त्यांना."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर पहिली बादली बाईंसाठी भरून ठेवली.