मायेस्त्रोच्या वह्या

इब्रामपूरहून मी निघाले त्या दिवशी माझं व्हायोलिन बाबांनी टॅक्सीत मांडीवर धरलं होतं. मोपाचा विमानतळ तेव्हा नव्हता, दाबोळी गाठायची होती. बाबा दशावतारी नाटकांत पेटी वाजवायचे, पण त्या वाटेत ते एकदाच बोलले, "खंयही गेलंस तरी सुराशी खोटा वागू नको गो." आई दारात आलीच नाही. जनेलाच्या गजांतून हात हलवला, तेवढाच.

गावातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, मी आखातातल्या एका अमीराच्या दरबारी वाद्यवृंदात नोकरीला आले. दरबारचा संगीतकार इटालियन, लुका नावाचा. सगळे त्याला मायेस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणत आणि वाद्यवृंदही तोच चालवायचा. वीस वर्षं तो अमीराच्या घरची लग्नं, स्वागतं, सण सगळं सुरांत बांधत होता. वाजवण्याबरोबर माझ्याकडे आणखी एक काम आलं: त्याच्या वह्यांतली स्वरलिपी कॉम्प्युटरवर उतरवून प्रत्येक वादकाचा कागद वेगळा काढायचा.

दुसऱ्या वर्षी वह्यांत चुका दिसू लागल्या. चुका फक्त वरच्या, बारीक सुरांच्या. आधी वाटलं, घाईत झालं असेल. मग तालमीत बासरी खटकन बेसूर गेली आणि मायेस्त्रो शांतपणे हात हलवत राहिला, तेव्हा कळलं. त्याला ते सूर ऐकूच येत नव्हते.

मी गप्प राहिले. उतरवताना सूर दुरुस्त करत गेले. तीन महिने असं चाललं. बाबांचं वाक्य रोज टोचायचं, पण म्हातारपणी त्याला नोकरीवरून काढतील ही भीती जास्त होती.

राजपुत्राच्या लग्नाची धून तयार होत असताना त्याने माझा छापील कागद आपल्या वहीशेजारी ठेवला.

"हे तू बदललंस?"

"हो, मायेस्त्रो."

"किती दिवस?"

"तीन महिने."

तो उठून गेला. दोन दिवस तालमीला आला नाही. माझी नोकरी गेली असं धरून मी आईला फोनही केला. आई म्हणाली, "गेली तर गेली. शेत खंय पळता?"

तिसऱ्या दिवशी मायेस्त्रो आला आणि मला घेऊन थेट दरबारच्या कारभाऱ्यासमोर उभा राहिला. "माझे कान गेले," तो म्हणाला. "ही धून अर्धी हिची आहे. दोघांची नावं घाला." मला वाटलं, आता दोघांच्याही हातात परतीच्या विमानाचं तिकीट देतील.

तसं झालं नाही. लग्नात धून वाजली, वाद्यवृंद दुसऱ्याने चालवला. अमीराने मायेस्त्रोला राजवाड्याच्या मुलांना शिकवायला ठेवलं आणि धुना बसवायचं काम माझ्याकडे आलं. त्या संध्याकाळी तो चहा घेताना म्हणाला, "परत पाठवलं असतं तर कुठे गेलो असतो? माझ्या गावात मलाच रस्ता विचारावा लागतो." मग स्वतःच हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला तसं हसताना पाहिलं.

बाबांना मी सगळं सांगितलं, तीन महिने गप्प राहिले तेही. ते म्हणाले, "त्याका सांग, चवथीक येऊन रव आमच्याकडे."

गणेशचतुर्थीला मायेस्त्रो इब्रामपूरला आला. पोदेराचे, म्हणजे आमच्या पाववाल्याचे, गरम पाव त्याला फार आवडले. बाबांच्या पेटीजवळ तो जमिनीवर मांडी घालून बसला. खालचे सूर त्याला अजून छान ऐकू येतात. भजनात बाबा जिथे खर्जात उतरले तिथे त्याने मान डोलावली.

यंदा रजा संपवून निघाले तेव्हा आई अंगणात आली. "घराकडे पावल्यार फोन कर," म्हणाली. घर म्हणजे तिकडचं, आखातातलं, हे तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. आधी असतं तर आईने परकी केलं असं वाटून मला रडू आलं असतं.

"करतंय गो," म्हटलं, आणि गाडीत बसले.