विरजण कुठून येतं?

गेल्या महिन्यात एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी आमच्या शहरातल्या बुधवारा या जुन्या वस्तीमागच्या एका गल्लीत प्रश्नावली घेऊन फिरत होते. बाहेरगावाहून आलेली कुटुंबं कुठे राहतात आणि त्यांच्या ओळखी कुठवर पोचतात, असा विषय. विषय निवडताना अनोळखी माणसांशी बोलावं लागेल, हे मी सोयीस्करपणे विसरले होते...

"आपके कितने दोस्त हैं?" हा पहिला प्रश्न. पाच घरांतल्या बायकांनी "एकही नाही" असं सांगितलं. सहाव्या घरी सुनीताभाभींनीही तेच सांगितलं, आणि नेमकी तेव्हाच शेजारीण वाटी घेऊन जामन, म्हणजे विरजण, मागायला आली.

मी तो प्रश्न खोडला. त्याजागी लिहिलं : दही बिघडलं, तर विरजण कुणाकडून आणता?

मग मात्र कागद भरू लागला. घरांसाठी चौकोन, विरजणासाठी रेघा. "उसका नाम मत लिखो दीदी, उसका दही भी उसकी सास जैसा है," असंही एकीने ऐकवलं.

सुनीताभाभी गोरखपूरकडच्या. नवरा पॉवरलूमवर. त्यांच्या अकरा रेघा निघाल्या, पण एकही गल्लीबाहेर गेली नव्हती.

नेमकी गल्लीच सोडायची वेळ आली होती. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाचा खोकला हटत नव्हता, आणि डॉक्टरांनी त्याला गल्लीतल्या यंत्रमागांच्या सुताच्या धुळीपासून लांब न्यायला सांगितलं होतं. नवऱ्याने शहराबाहेर एका कॉलनीत खोली पाहिली होती, पण भाभी तयार नव्हत्या. तो कामावर असताना मूल आजारी पडलं, तर हाक कुणाला मारायची? नवऱ्याच्या मते हा निव्वळ हट्ट होता, आणि तो मी मोडून काढावा, असं त्याचं म्हणणं.

समजूत काढणं मला जमत नाही. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या स्वतःच्या ओळखीच्या दोनच रेघा होत्या, दोन्ही कारखान्याकडे. बायकोच्या रेघा त्याने बोट फिरवून मोजल्या.

"और उधर?" त्याने विचारलं.

ती कॉलनी आमचीच होती. मी म्हणाले, "उधर हम रहते हैं. जामन हमारे यहाँ मिल जाएगा."

आपण होऊन कुणाला घरी बोलावण्याची माझ्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच वेळ...

ते राहायला आले. चौथ्या दिवशी भाभी मुलाला कडेवर घेऊन, हातात वाटी धरून आमच्या दारात उभ्या. आणि आईचा चेहरा उतरला.

घरात विरजण नव्हतं. सकाळीच उरलंसुरलं दही कढीत गेलं होतं. आम्ही मूळचे तुकईथड गावचे, मग काही वर्षं बुधवाऱ्यात भाड्याने राहिलो. या कॉलनीत येऊन पाच वर्षं झाली, तरी विरजण संपलं की बाबा स्कूटरवरून बुधवाऱ्यातल्या जुन्या घरमालकीणबाईंकडून डबीत आणतात. ते रविवारी जाणार होते.

महिनाभर लोकांच्या रेघा काढत होते. आमचीच रेघ कॉलनी सोडून थेट बुधवाऱ्यात जाते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि मी मात्र एका घराला शब्द देऊन बसले होते.

आईने भाभींच्या हातातली वाटी घेतली, चपला घातल्या आणि "चला" म्हणाली. समोरच्या घराची बेल आम्ही पाच वर्षांत एकदाही वाजवली नव्हती.

दार उघडणाऱ्या काकूंनी वाटीकडे पाहिलं, मग आईकडे. "इतके दिवस आमचं दही चालत नव्हतं का, ताई?" त्या म्हणाल्या, आणि वाटी आत घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात मुलाला ताप आला, तेव्हा नवरा कारखान्यात होता. भाभींनी काकूंना हाक मारली. काकू रिक्षातून दवाखान्यात सोबत गेल्या, परतताना औषधंही घेऊन आल्या. मी कॉलेजात होते. मला हे संध्याकाळी कळलं.

प्रकल्प सादर केला. आता आमच्या कॉलनीचाही कागद काढलाय, तो अजून बराचसा कोराच आहे... समोरच्या काकूंकडून दोन रेघा निघतात. एक सुनीताभाभींकडे, दुसरी आमच्याकडे.