काचेच्या पेटीतल्या मुलीची फिर्याद

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. सबंध नोकरीत चोर-दरोडेखोरांनी मिळून जेवढं छळलं नसेल, तेवढं त्या एका प्रकरणानं छळलं. आरोपी साधाच होता हो. डोक्याला ताप झाला तो फसलेल्यांचा.

१९९७ साल, दिवाळीच्या आधीचे दिवस. सावद्याच्या बाजूला, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, एक बाई आलीय. काय लिहून घ्यावं तेच कळेना. तुम्हीच बघा."

बाई पन्नाशीची, खात्यापित्या घरची दिसत होती. हातात कापडी पिशवी. उभ्याउभ्याच म्हणाली, "भाऊ, एका पोरीले मारनार हायेत. तिले वाचवा."

मी झटकन कागद ओढला. "मुलीचं नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"वय?"

"जलमाले यायची हाये."

"आहे कुठं?"

"मुंबईले. काचेच्या पेटीत."

मी पेन खाली ठेवलं. सकाळी सकाळी ही काय पीडा! "अक्का, घरी जा. बरं वाटलं की या," असं सांगून तिला वाटेला लावलं. ती गेली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली ती दुपारपर्यंत. शेवटी वैतागून मीच तिला आत बोलावलं आणि सगळं ऐकून घेतलं.

तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करायला तिला गाडीत घालून न्यावं लागे. आईचं मूत्रपिंड जुळतंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि बाई द्यायलाही तयार होती. पण त्याच सुमारास नवऱ्याला, म्हणजे नानांना, एक इसम भेटला. तो पूर्वी टिश्यू कल्चरची केळीची रोपं विकत गावोगाव फिरायचा. विलायतेत एका मेंढीची हुबेहूब दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी नुकतीच फोटोसकट छापून आली होती. ते कात्रण दाखवून तो म्हणाला, "नाना, केळीच्या तुकड्यापासून तश्शीच केळ होते ना? तसंच मुलीच्या कातडीच्या तुकड्यापासून तश्शीच मुलगी. मुंबईच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीत वाढवायची. नऊ महिन्यांनी तिचं मूत्रपिंड आपल्या मुलीला. शंभर टक्के जुळणार."

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. नानांनी मात्र अशाच रोपांची अख्खी बाग डोळ्यांनी वाढताना पाहिली होती! त्यांना ते पटलं. बायकोला म्हणाले, "तुले कशाले कापायचं? दुसरी येऊ राहिली ना." त्या इसमाला हप्त्याहप्त्यानं पैसे देण्यात सात महिने गेले आणि इकडे मुलगी दिवसेंदिवस खंगत चालली.

मला फसवणुकीचा वास आला. नानांना बोलावून घेतलं, तर गृहस्थ माझ्यावरच उखडले. "माही तक्रार नाही, साहेब. माह्या पोरीच्या जिवाच्या आड येऊ नका."

"अहो, पण त्या दुसऱ्या मुलीचं काय होणार, विचारलंत कधी?"

"त्यात काय इचारायचं? पील असतं ते."

पील म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारा कोंब. तो वेळेवर कापला नाही तर मूळ झाडाचा घड भरत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. नाना शांतपणे पुढे म्हणाले, "जल्मभर पिलं कापली, साहेब. त्याले कोनी रडतं का?"

माणूस दुष्ट नव्हता. लेकीपायी पुरता आंधळा झाला होता. खिशातून त्यांनी जपून ठेवलेला फोटो काढला. काचेच्या पेटीत डोळे मिटून निजलेलं इवलंसं बाळ. "बघा, डिट्टो माही पोर!"

मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि थबकलो. फोटो ठेवून घेतला, नानांना घरी पाठवलं आणि दोन शिपायांना कामाला लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या इसमाला चाळीसगावच्या स्टँडवर उचललं.

चौकशीत तो दोन तास पेशी, बीज, प्रयोगशाळा असलं काहीबाही झाडत राहिला. मी झाडू दिलं. मग फोटो पुढे सरकवला.

"बाळाच्या तळपायाला काय आहे?"

त्यानं निरखून पाहिलं. तळपायावर काजळाची ठसठशीत तीट होती.

"तुझ्या प्रयोगशाळेत दृष्ट लागते काय रे? ही तीट कोणी लावली?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "माझ्या आईनं. डॉक्टरांची नजर चुकवून. मुलगी माझी आहे, साहेब. जन्मली तेव्हा वजन कमी होतं म्हणून दवाखान्यात पेटीत ठेवली होती."

"छान. मग नानांना निरोप देतो. पोर तयार आहे, मूत्रपिंड काढून न्या."

तो ताडकन उभा राहिला. "साहेब! लेकरू आहे ते!"

"बस खाली," मी म्हणालो. "हेच नानांच्या तोंडावर सांगायचं."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोसमोर त्यानं सगळं कबूल केलं. नाना भिंतीला टेकून बसले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर ते हळूच म्हणतात, "मंग साहेब, खरं करनारा दुसरा कोनी असंल का हो?" मी कपाळावर हात मारून घेतला.

बाई मात्र माझ्याकडे बघत होती. "भाऊ, ती पोर नाहीच ना? नक्की?"

"नाही, अक्का. नव्हतीच कधी."

तिनं पिशवीतून एक झबलं काढलं. हातानं शिवलेलं, पिवळ्या फुलांचं. ते तोंडाशी धरून ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "आता तरी मले दवाखान्यात जाऊ द्या." नानांनी मान खाली घातली.

महिन्याभरात आईचं मूत्रपिंड मुलीला बसवलं. मुलगी वाचली. उशीर केला म्हणून डॉक्टरांनी नानांना फैलावर घेतलं, ते बरंच झालं.

गुन्हा नानांच्या फिर्यादीवरून, कलम ४२० खाली नोंदवला. पण ठाण्यात आधी कोण आलं होतं? ती बाई. फसलो म्हणून ती आलीच नव्हती. एका लेकीसाठी दुसरी कापायची हे तिला सोसवत नव्हतं, दुसरी डोळ्यांनी पाहिलेली नसतानाही. मी पकडली ती लबाडी. उद्या कोणी लबाडी न करता, खरोखरच अशी मुलगी वाढवून दाखवली तर? मग कुठलं कलम लावणार? नाना सही करून मोकळे होतील. आणि नानांसारखी, लेकीपायी आंधळी झालेली माणसं घरोघरी आहेत. मीही दोन मुलींचा बाप आहे. माझ्यावर वेळ आली असती तर मी काय केलं असतं, ते छातीठोकपणे नाही सांगू शकत.

तेव्हा आज ठाण्यात बसणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. अशी बाई दारात आली तर तिला घरी धाडू नका. नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालेल, पण तिची फिर्याद लिहून घ्या. मी लिहून घेतली नव्हती.