लिंगाचा शिक्का

बाबा आज सकाळी गेले.

माझा डावा कान त्यांच्या खूप आधी गेला होता. तोही त्यांनीच घालवला.

बिल्डिंगच्या ग्रुपवर ‘शांत, अभ्यासू माणूस हरपला’ असं आलंय. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. भिंतीपलीकडून इतकी वर्षं तुम्ही काय ऐकत होता यार, टीव्ही?

बाबा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर होते. दिवसभर पत्रा ठोकायचे, आणि घाटकोपरला घरी येऊन आम्हाला.

उरलेल्या वेळात पोस्टाची तिकिटं जमवायचे.

साधीसुधी नाहीत. इंग्रजांच्या काळात एडन, बसरा, मस्कत अशा ठिकाणी आपल्या पोस्टाची ऑफिसं होती. तिकीट हिंदुस्थानचं, त्यावर राजाचं डोकं, पण शिक्का तिकडच्या गावाचा. बाबांना फक्त तसलीच हवी असायची. त्यांचे आजोबा मालवणचे, बोटीवर खलाशी. त्यांनी एडनहून घरी धाडलेल्या एका पाकिटावरून हे वेड लागलं.

"कोऱ्या तिकिटाला कुत्रं विचारत नाही," ते म्हणायचे. "शिक्का बसला की त्याचं सोनं."

पट्टा काढतानाही तोच शब्द. "थांब, तुझ्यावर शिक्का बसवतो."

तिकीट उचलायचे चिमट्याने, श्वास रोखून.
आईला उचलायचे केसांना धरून.

एकदा मुलुंडच्या प्रदर्शनात एका गृहस्थाने त्यांचा बसऱ्याचा शिक्का नकली आहे म्हटलं. बाबांनी हातातलं भिंग त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला त्याचा, टेबलभर रक्त. लोक त्याला धरायला धावले. बाबांनी आधी अल्बम उचलला, डाग पडेल म्हणून.

त्यांचा जीव होता तो लिंगाच्या शिक्क्यावर. लिंगा म्हणजे इराणच्या किनाऱ्यावरचं छोटंसं बंदर. फोर्टातल्या फुटपाथवर हे तिकीट मिळालं त्या दिवशी बाबा पेढे घेऊन घरी आले होते. मी पहिल्या नंबराने पास झाले तेव्हा आणले नव्हते.

मी कॉलेजात होते. न्हाऊन आले, केस पुसत होते, आणि पाण्याचा एक थेंब उघड्या अल्बमवर पडला. तिकिटावर नाही. पानाच्या कोपऱ्यावर.

पट्ट्याचं बक्कल लागलं पाठीला. मी ओरडत होते आणि आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. तो आवाज मला अजून ऐकू येतो, उजव्या कानाने.

त्याच आठवड्यात पुन्हा प्रदर्शन होतं. आदल्या दिवशी बाबा कामावरून आले, अल्बम उघडला आणि नुसते बघत राहिले.

आईने शाई खोडायच्या खरखरीत रबराने लिंगाचा शिक्का घासून काढला होता. राजाच्या गालासकट.

"काळा डाग होता हो मोठा," आई म्हणाली. "उद्या लोक बघतील ना, म्हणून स्वच्छ केला."

बाबांनी तिला भिंतीवर आपटलं. मग स्टूल उचललं. मी मध्ये पडले, तर स्टूल सोडून त्यांनी माझ्या कानशिलात लगावली. शिट्टी वाजल्यासारखं झालं, नंतर त्या बाजूला काहीच नाही. आईचं मनगट मोडलं होतं. डॉक्टरला आम्ही जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. दोघी, एकदम.

पुढे बाबांनी याचा जोक करून टाकला. पाहुणे आले की सुरू. "आमच्या अडाणी बाईसाहेब! शिक्क्याला डाग समजल्या!" लोक हसायचे आणि आई चहा ठेवायला आत जायची.

खरं सांगते, मला बाबांपेक्षा आईचाच राग जास्त होता. मी तिच्यासाठी मध्ये पडले. ती माझ्यासाठी कधीच पडली नाही. एवढंच डोक्यात घेऊन मी लग्न केलं, घर सोडलं, सणावारालाही टाळत राहिले.

आज स्मशानातून आलेली माणसं आपापल्या घरी गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. आईने कपाटातून अल्बम काढला आणि लिंगाचं पान उघडलं. अर्धा गाल गेलेला राजा अजून तिथेच होता. बाबांनी ते तिकीट फेकलं नव्हतं.

मी म्हटलं, "जाऊ दे गं. तुला बिचारीला काय कळणार होतं त्यातलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. गावची भाषा ती फार रागात किंवा फार मायेत बोलते.

"माका सगळा ठावक होता गो बाय," ती म्हणाली. "रोज तेच तर बडबडायचो तो. शिक्को गेलो की तिकीट मेला."

"मग?"

"तुझ्या पाठीवरचे वळ बघलंय. तेका मारूची ताकद माझ्यात नव्हती. तेचा कायतरी मराक व्हया होता."

त्यांना खरं कळलं असतं तर त्यांनी तिला जिवंत ठेवलं नसतं. म्हणून ती अडाणी राहिली. पाहुण्यांपुढे, माझ्यापुढेसुद्धा. मी तिच्या मोडक्या मनगटावर डोकं ठेवून खूप रडले. बाबांसाठी नाही.

मग तिने ते तिकीट चिमट्याशिवाय, सरळ बोटांनी उपटलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"ह्या तुझा."

बाकीचा अल्बम कोणाला हवा असेल तर मेसेज करा. शिक्के सगळे अस्सल आहेत, बसऱ्याचासुद्धा. लिंगाचं मिळणार नाही.

बाबा, जा आता.

श्रद्धांजली वाहते. भावपूर्णच आहे, फक्त भाव कुठला ते विचारू नका.