म्हशीच्या डोक्यावरचा कडबा

आमच्या घरात गोष्टी सांगायचा ठेका माझ्याकडे आहे. त्यातली म्हशीची गोष्ट लग्नकार्यात फर्माईश करून ऐकतात. थोडी खोटी आहे, म्हणून जास्त रंगते.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांनी एक रीत पाडली होती. वाक्यातले शब्द भलत्या जागी ठेवून ज्यानं अर्थ बिघडवला, त्यानं तो बिघडलेला अर्थ वर्गापुढे करून दाखवायचा. वह्या आम्हीच एकमेकांच्या तपासायचो. चूक काढणाऱ्याला सर ‘शाब्बास’ म्हणत.

दहावीला माझी चुलत बहीण माझ्याच वर्गात होती. काकांनी तिला एका अटीवर शाळेत ठेवलं होतं: शाळेतून एक जरी बोभाटा आला, तर त्या दिवसापासून घरी. म्हणून ती वही माझ्याकडेच द्यायची. “दादा, चुकलं असंल तर गुपचूप दुरुस्त कर बरं.”

त्या दिवशी तिनं लिहिलं होतं, ‘कॅरीइंग फॉडर ऑन हर हेड, द बफेलो फॉलोड माय मदर.’ तिला म्हणायचं होतं, आई डोक्यावर कडबा घेऊन पुढे आणि म्हैस तिच्या मागे. वाक्यात तो म्हशीच्या डोक्यावर गेला. कडब्याचे शब्द उचलून आईपाशी न्यायचे, मध्ये ‘हू वॉज’ घालायचं, झालं. मला पेरू आणून देणाऱ्या पोराचं असंच वाक्य मी आदल्या आठवड्यात रबरानं पुसून नीट करून दिलं होतं.

पण मला महिनाभर शाब्बासकी मिळाली नव्हती. मी हात वर केला.

एका हातानं डोक्यावर दप्तर धरून ती फळ्यापासून दारापर्यंत रांगत गेली. “हंबर की!” पोरं ओरडली. ती हंबरली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. काका तिला म्हणाले, “वर्गात म्हैस होऊन राह्यली व्हय? मंग घरचीच राख. शाळा बिलकुल बंद.” मी भाकरी खात होतो. खात राहिलो.

गोष्टीत मी एवढंच म्हणतो, ‘एका पोरानं चूक काढली.’

बऱ्याच वर्षांनी नात्यातल्या एका लग्नात, पंगतीत मी हीच गोष्ट लावली. ती जिलेबी वाढत होती. सगळ्यांबरोबर हसली, मग म्हणाली, “दादा, ते पोरगं कोण व्हतं, ते बी सांग की.”

पंगत माझ्याकडे बघायला लागली.

“आता कुठं ध्यानात राहतंय,” मी म्हणालो.

“न्हाई राहत,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकून पुढे सरकली.