वाळूदादाच्या बुधवारी सकुमावशीचा गुडघा

आमच्या वाडीत कोणाला नळ हवा असतो, कोणाला रस्ता, कोणाला जावई. सकुमावशीला फक्त उकिडवं बसायचं होतं.

टोकावड्याहून आत वळून चढ चढलं की आमची तीस घरांची ठाकूरवाडी. भाताची आवणी, म्हणजे लावणी, करायच्या आधी राबातली, रोपांच्या वाफ्यातली, रोपं उपटावी लागतात. ते काम बायकांचं, आणि ते चिखलात उकिडवं बसूनच होतं. उपटायचं, मुळं झटकायची, मूठ बांधून मागं टाकायची, बेडकासारखं पुढं सरकायचं. यात सकुमावशीचा हात एवढा चालायचा, की तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नसायचं. आपण बसल्याजागी झोपलोय असं दिसतं, बायका म्हणायच्या.

रीत अशी, की आज सगळ्या बायका एका घरच्या राबात, उद्या दुसऱ्या घरच्या. ज्या घरातून बाई येत नाही त्या घराची पाळी सगळ्यात शेवटी. तोवर त्या घरची रोपं एवढी उंच होतात, की त्यांना बाशिंगच बांधायचं राहतं. सकुमावशीच्या घरात दुसरी बाई नाही. नवरा धाऊ आहे, पण तो राबात बसला तर वाडीतल्या बायका तीन दिवस कामच करणार नाहीत, नुसत्या हसत बसतील.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सकुमावशी कल्याणला बिल्डिंगच्या कामावर गेली आणि घमेल्यासकट पायऱ्यांवरून घसरली. गुडघ्यात पट्टी आणि सहा स्क्रू बसले. गुडघा वाकायचा, पण निम्माच. पुढं अडायचा. पुढच्या पावसाळ्यात ती बांधावर उभी राहून दुसऱ्यांच्या मुठी मोजत होती, आणि तिच्या घराची पाळी शेवटी आली. तिनं त्याबद्दल कोणाला काही म्हटलं नाही. सकुमावशी गप्प बसली म्हणजे काय, ते धाऊकाकाला विचारा.

मग जानेवारीत वर्षाताई यायला लागली. ती आसनगावची फिजिओथेरपिस्ट, एका संस्थेकडून दर बुधवारी यायची. तिनं पाच विटा एकावर एक ठेवल्या.

"यावर बस, मावशी. टाच उचलायची नाय."

"पाच विटांवर तर माझी आई बी बसली असती," धाऊकाका म्हणाला.

"तुमी पाणी आणा, काका."

गुडघा जरा सैल झाला की एक वीट काढायची. सकुमावशी घामानं भिजायची, वर्षाताईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि परत बसायची. एप्रिलपर्यंत विटा तीनवर आल्या. आणि तेव्हाच विनोद सर आले.

विनोद सर संस्थेच्या शहापूरच्या ऑफिसातले. हातात टॅब. बोलताना मान अशी तिरकी, की समोरच्यानं पण तिरकी करावी. "ॲक्च्युली काय आहे ना, मावशी, हा फॉर्म आहे ना, हा जगभर चालतो. सत्तावीस देशांत सेम टू सेम. तर आपण फक्त हो नाहीतर नाही म्हणायचं. जिना चढता येतो?"

"आठ माळे चढलेय, डोक्यावर विटा घेऊन."

"आत्ता, आत्ता येतो का?"

"येतो की. पण वाडीत जिना कुठं हाय?"

"तो प्रश्न नाहीये. खुर्चीवर अर्धा तास बसता येतं?"

"येतं."

"कमोडवर?"

सकुमावशीनं वर्षाताईकडं बघितलं. वर्षाताईनं कानात सांगितलं. "मग ती पण खुर्चीच झाली. बसंन."

"व्हेरी गुड. शंभरात शहाण्णव. मावशी, तुम्ही बऱ्या झालात."

"आन उकिडवं?"

विनोद सरांनी टॅबवर बोट वर नेलं, खाली नेलं. "तो ऑप्शन नाहीये."

"सर, तिचा गुडघा नव्वद अंशाला अडतो," वर्षाताई म्हणाली. "खुर्ची आणि जिन्याला तेवढं पुरतं. इथली सगळी कामं त्याच्या पुढची आहेत. चूल, राब, सकाळचं परसाकडचं. जुलैपर्यंत तरी..."

"मॅडम, शहाण्णववाल्याला ट्रीटमेंट दिली तर ऑडिटला मी काय सांगू?"

मग वाळूदादा. याचा खांदा गेल्या साली आखडला होता. वर्षाताईनं तो केव्हाच मोकळा केला होता. त्या सकाळीच दादा आंबे उतरवायला झाडावर होता. पण फॉर्म सगळ्यांचा भरायचा असतो. दादा उंबऱ्याशी आरामात उकिडवा बसला होता.

"खुर्चीवर बसता येतं?"

"नाय." साहेब समोर असताना खुर्चीवर बसतो असं कोण म्हणेल? दादाला लाज आहे.

"जिना?"

"कधी चढलो नाय, साहेब."

"कमोड?"

"नाय नाय नाय."

"शर्टाची बटणं स्वतः लावता येतात?"

दादानं आपल्या बनियनकडं बघितलं. "नाय."

टॅब लाल झाला. एकतीस. अतितीव्र. दादाला चोवीस बुधवार मंजूर झाले, शिवाय चाकाची खुर्ची.

"सर, हे दादा सकाळी आंब्यावर होते," वर्षाताई म्हणाली.

"वर्षा मॅडम, आंबा इंडिकेटरमध्ये नाहीये."

आठ दिवसांत खुर्ची आली. वाडीच्या चढावर ती चालवायला चार माणसं लागायची, म्हणून तिच्यावर फणस ठेवले.

मे महिन्यात शहापूरला हॉलमध्ये मोठा कार्यक्रम झाला. दिल्लीहून मॅडम आल्या होत्या. त्या जागतिक आरोग्य, समावेशन आणि शाश्वत पुनर्वसन यांवर चाळीस मिनिटं बोलल्या. विनोद सर मराठीत सांगत होते, आणि जिथं त्यांना शब्द मिळत नव्हता तिथं टाळ्या वाजवत होते. मग सकुमावशीचं नाव पुकारलं. ती स्टेजच्या चार पायऱ्या चढली. टाळ्या. खुर्चीवर बसली. परत टाळ्या. हातात 'संपूर्ण स्वावलंबी' असं सर्टिफिकेट आणि गुलाबाचं फूल.

"मावशी, दोन शब्द," विनोद सर म्हणाले, आणि हळूच, "धन्यवाद म्हणा."

सकुमावशीनं माइक दोन्ही हातांनी धरला. "मना नापास करा," ती म्हणाली.

विनोद सर हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"पास झाले म्हणून वर्षाबाय बंद झाली. तीन विटा राहिल्यात. पावसाच्या आत मना खाली बसाया पायजे. तुमी इचारलं ते सगळं येतं. जे पायजे ते इचारलंच नाय. बसा की तुमी दोघं उकिडवं, मग बोलू."

मॅडमना मराठी कळत नव्हतं, पण सकुमावशीनं हातानं दाखवलेलं कळलं. बाई भल्या होत्या. त्या खरंच बसायला गेल्या. टाचा उचलल्या, आणि अर्ध्यात पोहोचून त्यांनी टेबलाचा कपडा धरला. त्यांना सावरायला विनोद सर वाकले. त्यांची पँट घट्ट होती. ती उसवल्याचा आवाज माइकनं उचलला.

"यह तो बहुत इम्पॉर्टन्ट पॉइंट है," मॅडम उठून बसत म्हणाल्या. स्थानिक संदर्भ फॉर्ममध्ये यायलाच हवा, त्यासाठी समिती बसेल, समितीचा अहवाल पुढच्या वर्षी येईल. "तब तक?" वर्षाताईनं विचारलं. तोवर, मॅडम म्हणाल्या, एकदा अपलोड झालेले मार्क बदलत नाहीत.

"मग माझे बुधवार हिला द्या," मागच्या रांगेतून वाळूदादा म्हणाला. तो खुर्चीवर बसला होता. साहेब लांब होते.

"दादा, सेशन ट्रान्सफर होत नाहीत," विनोद सर म्हणाले. "ज्याचं त्यालाच."

परत येताना बसमध्ये सकुमावशी सर्टिफिकेटनं वारा घेत होती. मुरबाड गेलं तेव्हा सोडायला आलेली वर्षाताई म्हणाली, "दादा, बुधवारी तुमच्या अंगणात मला यावंच लागेल. रजिस्टरवर तुमचा अंगठा लागतो."

"या की."

"अंगणात अजून कोण बसलंय, ते लिहायला रजिस्टरमध्ये जागा नाय."

सकुमावशीनं वारा घ्यायचं थांबवलं.

पुढच्या बुधवारपासून वाळूदादा पडवीत बिडी ओढत अंगठा द्यायचा आणि सकुमावशी त्याच्या अंगणात विटांवर बसायची. रजिस्टरमध्ये दादाचा खांदा आठवड्याला पाच-पाच अंशांनी वाकत होता. "खांदा एवढा वाकतो का गो?" दादानं एकदा विचारलं. जूनमध्ये एक वीट राहिली. जुलैत तीपण काढली.

राब काढायला पहिली पाळी बाळीच्या घरची होती. सकुमावशी लुगड्याचा काचा मारून चिखलात उतरली. धाऊकाका बांधावर उगाच उभा होता. ती बांधाला हात टेकून खाली गेली, थांबली, आणखी खाली गेली, आणि बसली. दोन्ही टाचा चिखलात. मग पहिली मूठ मागं पडली, दुसरी पडली. दुपारपर्यंत शेजारच्या बायका सरकून लांब बसल्या होत्या.

भाकरीला सगळ्या उठल्या. सकुमावशी तिथंच.

"उठ गो, भाकर थंड व्हते," बाळी म्हणाली.

"आणा हितंच."

"का गो?"

"बसायचं झालं," सकुमावशी म्हणाली. "उठायचं अजून शिकवलं नाय."

दोघींनी दोन बाजूंनी बगलेत हात घालून तिला उपटली, आणि पायांचा चिखल झटकून बांधावर ठेवली.