कवळीकाकांच्या बरण्या

पडदा वर जातो. उजव्या अंगाला खिडकी, खिडकीखाली लांबलचक लाकडी टेबल. टेबलावर प्लास्टरचे पांढरे जबडे. काही उघडे, काही मिटलेले, काही नुसतेच वरचे. गुलाबी मेणाच्या पट्ट्या, एक दिवा, घासायचं चाक. मागच्या भिंतीला फळ्या, फळ्यांवर झाकणाच्या काचेच्या बरण्या, बरण्यांत पाणी आणि पाण्यात... थांबा, तिथे इतक्यात बघू नका. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातला चहा तसाच खाली ठेवला होता आणि पुढे दोन दिवस मला चहा गेला नव्हता.

टेबलाशी, प्रेक्षकांकडे पाठ करून, एक बुटका माणूस बसलाय. नाकावर चष्मा, चष्म्यावर प्लास्टरची धूळ. हे आमचे कवळीकाका. त्यांच्याहून म्हातारी माणसंही त्यांना काकाच म्हणायची. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाने दात देणाऱ्यापुढे मोठेपणा कसला दाखवायचा?

माझी त्यांची ओळख माझ्या फजितीतून झाली. दात गेल्यावर मी दुसऱ्या कुणाकडून कवळी करून घेतली आणि नाटकात राणीच्या भूमिकेत उभी राहिले. भर दरबारात हात उंचावून "चालते व्हा!" म्हणाले, तर कवळी माझ्या तोंडातून निघून पहिल्या रांगेत गेली. एका सज्जन गृहस्थाने ती रुमालात धरून विंगेत आणून दिली. रुमाल मात्र त्याने परत घेतला नाही. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. मेलेली पाल उचलताना माणूस असं तोंड करतो.

मग मी काकांकडे गेले. त्यांनी केलेली नवी कवळी तोंडात बसवून मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "बाई, तो प्रवेश करा."

"इथे?"

"इथेच. आता रागवा. आता हसा. आता रडा. रडताना तुमचा वरचा ओठ ओढला जातो, तिथली जाडी कमी करू."

सात वेळा काढली, सात वेळा घासली. त्या कवळीवर मी पुढे अकरा वर्षं नाटक केलं आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आईचे दात तिशीतच गेलेले. ती हसताना तोंडावर हात घ्यायची, जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. काकांनी आयुष्यातली पहिली कवळी केली ती आईची. म्हणाले, "बाई, ती बसवली आणि आईचा हात वर आला, सवयीने. अर्ध्यात थांबला. मग खाली गेला." एवढंच सांगून त्यांनी चाक सुरू केलं.

या माणसाला एकच व्यसन होतं. चेटकिणींचे सिनेमे. भुतांचे, पछाडलेल्या घरांचे, काळ्या जादूचे, जे येतील ते. रविवारी दुपारचा खेळ ठरलेला. भीती त्यांना कधी वाटली नाही. यायची ती किळस, आणि तीही तुमच्या-आमच्यासारखी नव्हे. पडद्यावर आतडी लोंबत असली तरी हे शांतपणे शेंगदाणे खायचे. पण चेटकिणीने तोंड उघडलं की यांचं नाक वर जायचं.

"शी! तीनशे वर्षांची म्हातारी म्हणे, आणि दात बघा! टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभेल. आणि सुळे वरून चिकटवलेत, ओठ मिटत नाहीत तिचे. ओठ मिटले नाहीत तर लाळ गळते. ती कुठंय?"

"काका, लाळ नकोच हो दाखवायला."

"का नको? रक्ताच्या बादल्या चालतात, आणि लाळ नको?"

सिनेमांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. 'लिफ्टमधली', 'शिवणयंत्रावरची', 'जुळ्या बहिणींची' अशी ते त्यांना हाक मारायचे, शेजारणींना मारावी तशी. सगळ्यांत लाडकी 'तलावातली'. मुलींच्या वसतिगृहातल्या पोहण्याच्या तलावातून एक म्हातारी बाहेर येते, झोपलेल्या मुलीच्या उशाशी बसते, तोंडातून आपली कवळी काढते आणि मुलीच्या पाण्याच्या पेल्यात सोडते. बस, एवढंच. मारणं नाही, किंचाळणं नाही. अख्खं थिएटर "ईऽऽ" करून ओरडलं आणि काकांनी टाळी वाजवली. नऊ वेळा बघितला त्यांनी तो. मला म्हणाले, "लोक भुताला भीत नाहीत हो. म्हाताऱ्या तोंडाला भितात. हे त्या एकाच सिनेमावाल्याला कळलं, बाकीचे नुसते रंग फासतात."

आणि मग हळूच सांगायचे, "एकदा तरी अशा सिनेमात आपलं काम हवं. शेवटी नावं येतात ना? त्यात एक ओळ. दात, आणि पुढे माझं नाव."

त्यांची धाकटी बहीण, सगळ्यांची अक्का, आतून ओरडायची, "घ्या! दात विचकत पडद्यावर जायचंय म्हाताऱ्याला! त्या भिंतीवरच्या घाणीचा आधी सिनेमा काढा. मला जेवण जात नाही या घरात."

आता त्या भिंतीकडे बघायला हरकत नाही. त्या बरण्यांत कवळ्या होत्या. गेलेल्या माणसांच्या. घरातलं माणूस गेलं की चष्मा कुणाला देता येतो, काठी देता येते, कपडे वाटता येतात. कवळीचं काय करणार? ती फेकवत नाही, ठेववत नाही, कपाट उघडलं की आपल्याकडे बघून हसते. मग लोक ती कागदात गुंडाळून काकांकडे आणून द्यायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. पहिली बरणी काकांच्या आईची, आणि बघता बघता एक्केचाळीस झाल्या. एकीवरही चिठ्ठी नव्हती. चावा बघून काका माणूस ओळखायचे.

कवळी कोरडी पडली की वाकते, तडकते, म्हणून पाण्यात ठेवायची. आणि पाणी बुळबुळीत होतं, म्हणून दर रविवारी सकाळी एक्केचाळीस बरण्यांचं पाणी बदलायचं. ते काम मी एकदा बघितलं. बरण्यांच्या कडेला धरलेला तो चिकट थर ते बोटाने पुसून काढायला लागले तेव्हा मी पदर नाकाला लावला.

"काका, आता कुणाच्या तोंडात जायच्यात या? वाकल्या तर वाकल्या!"

"माझ्या हातचं काम आहे, बाई. मालक गेला म्हणून वाकू द्यायचं?"

मी हसले होते. मग आमचे हे गेले. महिनाभर ह्यांची कवळी मोरीतल्या फळीवर होती आणि मी मोरीत डोळे मिटून जात होते. ज्या माणसाबरोबर सेहेचाळीस वर्षं संसार केला, त्याच्या कवळीची मला किळस येत होती, आणि त्या किळसेची शरम. शेवटी रुमालात बांधली आणि काकांकडे नेली. त्यांनी बरणी धुतली, पाणी भरलं, तिसऱ्या फळीवर शाळेतल्या एका बाईंच्या आणि एका ट्रकवाल्याच्या मध्ये जागा केली. ह्यांना ती संगत अजिबात आवडली नसती.

त्यानंतर तीन वर्षांनी ती मुलगी आली. सिनेमावाली. चेटकिणीच्या सिनेमात लागणाऱ्या वस्तू जमवायचं काम तिच्याकडे होतं. मी खालची कवळी घासून घ्यायला बसले होते, म्हणजे तोंड रिकामं घेऊन, रुमाल लावून.

"काका, शेवटचा सीन असा आहे. चेटकीण गटारावर वाकते आणि तिने खाल्लेल्या माणसांचे दात तिच्या तोंडातून धबाधबा बाहेर पडतात."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. इतकं उजळलेलं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. पण मुलीचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं. "अय्या, केवढे हे नमुने!" ती उठली, एक बरणी उघडली, दोन बोटांनी कवळी बाहेर काढली आणि बाहुलीसारखी हवेत कटकट वाजवली. "नमस्कार मंडळी!"

"ती शाळेतल्या बाईंची," काका म्हणाले. "जाऊन सहा वर्षं झाली."

"कुठे जाऊन?"

"वारल्या त्या."

कवळी टेबलावर आपटली. मुलीने हात पँटला पुसला, मग कागदाला पुसला, मग मोरी कुठे आहे विचारलं. नळ बराच वेळ वाहत होता. अक्का म्हणाली, "दोनदा लाव गं साबण!"

मला वाटलं, आता ही पळणार. पण ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. फोन कानालाच होता. "खऱ्या आहेत! मेलेल्या माणसांच्या! हो, सगळ्या!" मग काकांना म्हणाली, "सगळ्या द्या. आपण हे पोस्टरवर टाकू. आणि तुमचं नाव ओळीत नाही, एकटं येईल. पडदाभर."

"परत कधी मिळतील?"

"परत कशा? खऱ्या गटारावर शूटिंग आहे. वाहून जाणार त्या."

काकांनी चष्मा काढून पुसला. "उद्या सांगतो," म्हणाले.

आमचे हे, गटारात, आणि अंधारात बसलेली हजार माणसं "ईऽऽ" करणार. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार? ज्याची मला किळस आली म्हणून मी देऊन टाकली होती, त्याच्यावर माझा हक्क कसला? दुसऱ्या दिवशी मी तोच रुमाल पिशवीत टाकून गेले. ह्यांना घरी आणायचं, जमेल तसं सोसायचं.

काका टेबलाशी होते. समोर सहा कवळ्या, कपाटात पडून राहिलेल्या, कोऱ्याच, पण रात्रभर बसून त्यांनी अशा केलेल्या की बघवत नव्हत्या. चहात उकळलेल्या, तंबाखूत घोळलेल्या, कानशीने झिजवलेल्या. दातांच्या फटीत पिवळा लगदा. एकीला तर हिरवट शेवाळ.

"किळस येते का, बाई?"

"ओकारी येतेय हो!"

"मग जमलं," ते खूष होऊन म्हणाले. "महिन्याभरात चाळीस करून देतो."

मुलगी आली. तिने त्या उलटसुलट करून बघितल्या. "छान आहेत. पण खऱ्या नाहीत ना. आणि शूटिंग परवाच आहे. त्या बरण्यांचं हो की नाही, तेवढं सांगा."

काका फळीकडे न बघता म्हणाले, "पोरी, ही माणसं माझ्यापुढे तोंड उघडून बसली. जे तोंड घरच्यांनाही दाखवलं नाही, ते. आणि त्यांना मी गटारात थुंकायला देऊ?"

"दादा," अक्का दारातून म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक होता. "पडदाभर म्हणतेय ती."

"ऐकलं मी."

मुलगी गेली. मी पिशवीतला रुमाल पिशवीतच राहू दिला.

सिनेमा आला आणि आठवड्यात आपटला. रविवारचा सकाळचा एकच खेळ उरला, तेव्हा आम्ही दोघं गेलो. थिएटरात कालचं सांडलेलं काहीतरी चपलेला चिकटत होतं. चेटकीण गटारावर वाकली आणि तिच्या तोंडातून पांढरेशुभ्र दात पडले, पेपरमिंटच्या गोळ्यांसारखे टणाटण उडत. मागून कुणीतरी हसलं.

काकांचं नाक वर गेलं. "शी! सगळे एका साच्यातले. एकानेही कधी घास चावलेला नाही."

खेळ संपला, लोक उठले. काका बसूनच राहिले. चष्मा पुसून त्यांनी सगळी नावं वाचली. सुतारांची, दिवेवाल्यांची, चहा देणाऱ्यांची. मग 'दात' आलं, पुढे कुणाचं तरी नाव. ते वाचताना काकांचे ओठ हलले. पडदा पांढरा झाला, दिवे लागले, झाडूवाले आत आले. काकांनी घड्याळ बघितलं, चिकट जमिनीवरून तोंड वाकडं करत पाय सोडवला आणि म्हणाले, "उठा बाई, आज रविवार. पाणी अजून बदललेलं नाही."